ओडीके कलेक्ट: पंपदुरुस्तीच्या कामाला कितपत उपयोगी?

कोल्हापूरच्या परिसरात पंचगंगा, भोगावती आणि दूधगंगेच्या काठी शेतीपंपांची व पाणीपुरवठा संस्थांच्या जॅकवेलची (नदीकाठच्या उपसा विहिरींची) देखभाल करणाऱ्या व्यवसायांत अजूनही बहुतेक नोंदी मिस्त्रींच्या खिशातल्या वहीत, पावतीपुस्तकाच्या कार्बन प्रतीवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विखुरलेल्या असतात. कोणत्या मोटारीचे रिवाइंडिंग (जळालेली तार काढून नवी गुंडाळणे) कधी झाले, बेअरिंग कोणी बदलले, मागच्या वेळी अँपिअर किती होते, हे विचारले की तिन्ही ठिकाणी शोधाशोध करावी लागते आणि उत्तर बहुधा मिस्त्रींच्या स्मरणशक्तीवरच येऊन थांबते. अशा कामासाठी आम्ही ओडीके कलेक्ट हे अँड्रॉइड ॲप वापरत आहोत. माहिती गोळा करण्याचे साधन म्हणून ते उत्कृष्ट आहे. सेवा व्यवसाय चालवण्याचे साधन म्हणून मात्र ते अर्धेच आहे, आणि हा फरक आधी लक्षात घेतला नाही तर अपेक्षाभंग होईल.

ओडीकेचे, म्हणजे ओपन डेटा किटचे, काम २००८ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झाले. ते मुक्त स्रोत आहे आणि ॲपसाठी पैसे मोजावे लागत नाहीत. मुळात आरोग्य सर्वेक्षणांसारख्या कामांत त्याचा फार वापर झाल्यामुळे नेटवर्क नसणे ही त्याच्या दृष्टीने नेहमीचीच परिस्थिती आहे, अपवाद नव्हे. फॉर्म एकदा फोनवर उतरवून घेतला की भरणे, फोटो काढणे, ठिकाण नोंदवणे हे सारे इंटरनेटशिवाय होते. भरलेले फॉर्म फोनमध्येच साठून राहतात आणि नेटवर्क मिळाल्यावर सर्व्हरकडे जातात. गगनबावडा किंवा शाहूवाडीच्या डोंगराळ पट्ट्यात, जिथे फोन लावायलाही टेकाडावर चढावे लागते, तिथे हा एकच गुण निवडीला पुरेसा ठरतो. विक्रेते दाखवतात त्या अनेक देखण्या ॲपची गाडी नेमकी इथेच अडते, कारण त्यांचे प्रात्यक्षिक कार्यालयाच्या वायफायवर झालेले असते.

या ॲपचे खरे बळ त्याच्या फॉर्ममध्ये आहे आणि तो फॉर्म आपणच बनवायचा असतो. त्यासाठी प्रोग्रामिंग लागत नाही. एक्सेलच्या एका पानावर प्रश्न, दुसऱ्यावर पर्याय आणि तिसऱ्यावर फॉर्मचे नाव व इतर मांडणी लिहिली की फॉर्म तयार होतो. प्रश्न मराठीत लिहिता येतात. तक्रार ‘मोटार जळाली’ अशी निवडली तरच वाइंडिंगचे प्रश्न समोर यावेत आणि ‘पाणी कमी येते’ अशी निवडली तर इंपेलर, फूट व्हॉल्व्ह व ग्लँड यांचे प्रश्न यावेत, अशी अट घालता येते. आकड्यांना मर्यादा घालता येतात. तीन फेजच्या पुरवठ्यात दोन फेजमधले व्होल्टेज ४१५ च्या आसपास अपेक्षित असते. घाईत ४१५० टंकले गेले तर ॲप पुढे जाऊ देत नाही. गावांची नावे मात्र टंकायला देऊच नयेत, यादीतून निवडायला द्यावीत, अन्यथा एकच शिये तीन प्रकारे लिहिले जाते आणि महिन्याअखेरीस कार्यालयात बसणाऱ्याला ती जुळवत बसावे लागते.

फॉर्म हिशेबही करतो, आणि आमच्या धंद्यात त्याचे मोल सर्वांत जास्त आहे. मिस्त्रींनी तिन्ही फेजच्या जोड्यांमधले व्होल्टेज मोजून भरले की फॉर्म सरासरी काढतो, सरासरीपासून सर्वांत दूर असलेल्या आकड्याचा फरक पाहतो आणि असंतुलनाची टक्केवारी तिथल्या तिथे दाखवतो. उदाहरणार्थ ४००, ४१५ आणि ३८५ असे आकडे आले, तर सरासरी ४००, फरक १५ आणि असंतुलन पावणेचार टक्के. असंतुलन साडेतीन टक्क्यांच्या घरात गेले की मोटारीची तापमानवाढ सुमारे २५ टक्क्यांनी वाढते, असा अभियांत्रिकीतला ढोबळ आडाखा आहे. मोटार पुन्हा पुन्हा जळते म्हणून रिवाइंडिंगवाल्याला दोष देणाऱ्या शेतकऱ्यापुढे हा आकडा ठेवला की चर्चेचा सूर बदलतो. दोष वाइंडिंगचा की पुरवठ्याचा, हे काठावर उभ्या उभ्याच ठरवता येते. वहीतले व्होल्टेज हे फक्त आकडे असतात आणि त्यांचा हिशेब सहसा कोणी करत नाही.

ठिकाणाच्या नोंदीबद्दल थोडी सावधगिरी हवी. जीपीएसचा प्रश्न आला की ॲप अचूकता दाखवत थांबते आणि सर्वसाधारण मांडणीत ती पाच मीटरपर्यंत आली की नोंद घेते. उघड्या मळ्यात हे लवकर होते. जॅकवेलच्या भिंतीआड किंवा दाट झाडीत वेळ लागतो आणि मिस्त्री कंटाळतात. आपल्या कामाला दहा-पंधरा मीटरची अचूकता पुरेशी असते, तेव्हा फॉर्ममध्येच तशी मर्यादा ठरवून द्यावी. ‘ओढ्याच्या पलीकडे, पोटमळ्याच्या खाली’ अशा पत्त्यावर नव्या माणसाला पाठवायचे असते तेव्हा हीच नोंद कामी येते. फोटोंचा आकारही फॉर्ममधूनच कमी करून घ्यावा, नाहीतर नामपट्टीचा एकेक फोटो पाठवताना ग्रामीण नेटवर्कची दमछाक होते.

आता उणिवा. कोणत्या मिस्त्रीने आज कोणत्या गावी जायचे, त्याच्या पिशवीत कोणते सुटे भाग आहेत, ग्राहकाचे बिल जीएसटीसह कसे निघेल, या प्रश्नांना ओडीकेकडे तयार उत्तर नाही, कारण ते त्याचे कामच नाही. एकाच मोटारीच्या जुन्या-नव्या भेटी जोडण्यासाठी अलीकडच्या आवृत्त्यांत ‘एन्टिटीज’ ही सोय आली आहे. एका भेटीत नोंदवलेली मोटार पुढच्या भेटीत यादीत दिसते आणि तिची मागची माहिती समोर येते. ही सोय उपयुक्त आहे, पण ती फॉर्ममध्ये बसवायला डोके लावावे लागते आणि एक्सेल जेमतेम येणाऱ्याच्या ते आवाक्यात नाही. सर्व्हरचा खर्चही विसरू नये. भरलेले फॉर्म जिथे जमा होतात ते ओडीके सेंट्रल हे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचे तर जाणकार माणूस लागतो. ते जमणार नसेल तर ओडीकेची सशुल्क सेवा घ्यावी, किंवा कोबोटूलबॉक्स या अशाच दुसऱ्या साधनाकडे वळावे. कोबोचे फोनवरचे ॲप ओडीके कलेक्टवरच आधारलेले आहे आणि त्याचा फॉर्म ब्राउझरमध्ये प्रश्न जोडत जोडत बनवता येतो, त्यामुळे पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याने तिथून सुरुवात केलेली बरी.

मिस्त्रींच्या बाजूनेही पाहायला हवे. फॉर्म कधी उघडला, कोणत्या प्रश्नावर किती वेळ गेला, तेव्हा फोन कुठे होता, हे सारे नोंदवण्याची सोय ॲपमध्ये आहे. माझ्या मते रोजच्या कामात ती बंद ठेवावी. ज्या माणसाचे हात ग्रीसने माखलेले आहेत आणि जो रात्रपाळीच्या विजेची वाट पाहत काठावर बसला आहे, त्याला आपल्यावर पाळत आहे असे वाटले की तो फॉर्म भरतो, पण खरे भरत नाही. सक्तीचे प्रश्न मोजकेच ठेवावेत, हेही त्याच कारणासाठी. शक्य तिथे टंकण्याऐवजी पर्याय द्यावेत, आणि वर्णन हवेच असेल तर आवाजाची नोंद घेण्याचा प्रश्न ठेवावा. आपले मिस्त्री बिघाड जितका नेमका सांगतात तितका लिहीत नाहीत.

आयफोनवर हे ॲप चालत नाही, परंतु या व्यवसायात ती अडचण येणे कठीण. साधा अँड्रॉइड फोन पुरतो. खर्च करायचाच तर चांगली बॅटरी आणि पाणीरोधक कव्हर यांवर करावा, कारण ओल्या बोटांना टचस्क्रीन नीट प्रतिसाद देत नाही आणि जीपीएस बॅटरी खातो.

सुरुवात कधी करावी, याचेही इथे एक गणित आहे. पावसाळ्यात नदी चढू लागली की काठावरच्या मोटारी वर काढल्या जातात आणि त्या काळात दुरुस्तीचे काम कार्यशाळेत होते. फॉर्म बनवणे आणि मिस्त्रींना बसवून तो भरून पाहणे यासाठी हेच महिने योग्य आहेत. पाणी ओसरल्यावर मोटारी पुन्हा बसवायला जाताना प्रत्येकीचा अनुक्रमांक, अश्वशक्ती, नामपट्टीचा फोटो आणि ठिकाण ही नोंद त्याच फेरीत होऊन जाते. त्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागत नाही.