झूम एच१ इसेन्शियल : अहिराणी गाणारीच्या हातातला रेकॉर्डर

झूम या जपानी कंपनीने २०२४ साली बाजारात आणलेल्या एच१ इसेन्शियल या छोट्या रेकॉर्डरविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यातले बहुतेक लिखाण व्हिडिओ करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. जळगावात राहून गिटारवर स्वतःची अहिराणी गाणी रचणाऱ्या आणि त्या गाण्यांसाठी घरातल्या बायकांच्या गळ्याचे ऋण मानणाऱ्या माझ्यासारखीला हे यंत्र कितपत उपयोगी पडते, ते मला येथे सांगायचे आहे.

आमच्याकडे अहिराणी गाणे म्हटले की वरातीतला डीजे आणि यूट्यूबवरची नाचाची गाणी आठवतात, आणि त्यांचा श्रोतावर्ग फार मोठा आहे. दुसरीकडे शास्त्रीय संगीताचे वर्ग आणि त्यांच्या परीक्षा आहेत. या दोन्हींत न बसणारी, स्वतःचे शब्द आणि स्वतःची चाल घेऊन उभी राहणारी माणसे जळगाव, धुळे आणि भुसावळ मिळून मोजकीच असतील. कुणाच्या गच्चीवर, कॅफेच्या माडीवर किंवा महाविद्यालयाच्या रिकाम्या सभागृहात त्यांचे कार्यक्रम होतात, आणि त्यांत मुली आणखी कमी असतात, कारण कार्यक्रम संपल्यावर घरी कोण आणून सोडणार हा प्रश्न गाण्याच्याही आधी विचारला जातो. मी गिटार हातात घेतली ती अमेरिकी गायिका ट्रेसी चॅपमन यांना ऐकून. १९८८ सालच्या त्यांच्या पहिल्या अल्बमने एका बाईचा साधा, ठाम आवाज आणि तिची गिटार यांवर गाणे तोलून धरता येते हा विश्वास मला दिला. गायचे काय, हे मात्र आजीने शिकवले, आणि आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोक्यावर, भाद्रपदात गुलाबाईपुढे आणि श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीच्या जागरणाला गाणाऱ्या बायकांनी शिकवले.

जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. कामाच्या ओघात त्यांना सुचलेल्या ओव्या मुलगा सोपानदेव यांनी आणि नात्यातल्या मंडळींनी ऐकून टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ साली त्या पुस्तकरूपाने आल्या. शब्द असे टिकले. बहिणाबाईंची दम घेण्याची जागा, ओळीच्या शेवटी सूर कुठे सोडला असेल, हे कागदावर उतरणे शक्य नव्हते. मला आजीकडून घ्यायचे असते ते नेमके हेच, आणि मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणात तेच हरवते, कारण मोबाइल हळू आवाज आपोआप वर ओढतो आणि मोठा दाबतो. ओवीतला चढउतार त्यात सपाट होऊन जातो.

आजी ओवी सुरू करते ती जवळजवळ पुटपुटत. दोन ओळींनंतर भोवतालच्या बायका झील धरतात आणि एका क्षणात आवाज कैक पटींनी वाढतो. साध्या रेकॉर्डरमध्ये गेन, म्हणजे आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण, आधी ठरवावा लागतो. तो झिलीच्या हिशेबाने कमी ठेवला तर आजीचा आवाज यंत्राच्या सरसर आवाजात बुडतो, आणि आजीच्या हिशेबाने वाढवला तर झील धरताच आवाज फाटतो, आणि एकदा फाटलेला आवाज नंतर पूर्ववत करता येत नाही. एच१ इसेन्शियलवर गेनची चकतीच नाही. हे यंत्र ३२ बिट फ्लोट पद्धतीने ध्वनी साठवते, म्हणजे अगदी हळू आणि अगदी मोठा असे दोन्ही आवाज एकाच फाइलमध्ये शाबूत राहतात. संगणकावर ती फाइल उघडली की झिलीच्या जागी आलेख वरून कापल्यासारखा दिसतो, पण आवाज खाली आणताच त्याची मूळ गोलाई परत येते. फायदा तांत्रिक वाटला तरी मला तो बसल्या जागी कळला: लेव्हलच्या आकड्यांवर डोळा ठेवायचा नसल्यामुळे मीही त्या बायकांबरोबर झील धरू शकते. हातात यंत्र धरून समोर बसलेल्या पाहुणीपुढे बायका गातात ते गाणे वेगळे असते. हे यंत्र मुठीत मावते, आणि ते देवघराच्या कोनाड्यात ठेवले की ‘हाई काय शे वं?’ एवढे विचारून झाल्यावर त्याच्याकडे कुणी पुन्हा पाहत नाही.

वरच्या टोकाला एकमेकांशी काटकोनात बसवलेले दोन माइक आहेत. आखाजीला कडुनिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्याजवळ ते ठेवून नंतर हेडफोनवर ऐकले, तेव्हा झोक्यावरच्या मुलीचा आवाज एका कानातून दुसऱ्या कानाकडे जाताना स्पष्ट कळत होता आणि त्याखाली दोराची करकर ठरावीक लयीत चालू होती. त्या करकरीवरच मी पुढे एका गाण्याचा ठेका बांधला.

मर्यादाही सांगायला हव्यात. फाइलची पद्धत कितीही उदार असली तरी माइक १२० डेसिबलपर्यंतचाच आवाज सोसू शकतात. कानबाईच्या विसर्जनात ढोलाच्या अगदी पुढ्यात यंत्र धरले तर माइकपाशीच आवाज फाटू शकतो, आणि तिथे ३२ बिटांचा काही उपयोग नाही. चार पावले मागे उभे राहणे हाच उपाय आहे. वैशाखातला आमचा वारा उघड्या माइकवर आदळला की घरघर येते, त्यामुळे वेगळी विकत मिळणारी केसाळ टोपी घ्यावीच. यंत्र हातात धरले तर बोटांची हालचालही ऐकू येते, म्हणून छोटा तिपाई स्टँड लावावा. पंखा आणि कूलर बंद करण्याला पर्याय नाही, आणि मे महिन्याच्या जळगावात तेवढा वेळ घाम गाळत बसण्याची सगळ्यांची तयारी असावी लागते.

दोन ट्रिपल ए सेलवर ते कंपनीच्या सांगण्यानुसार सुमारे १० तास चालते आणि पॉवर बँकही जोडता येते, त्यामुळे जागरणाच्या रात्री वीज गेली तरी काम थांबत नाही. फाइली मात्र मोठ्या होतात: ४८ किलोहर्ट्झला एका मिनिटाचे सुमारे २३ एमबी, म्हणजे तासाला १.३८ जीबी. मोठे मायक्रो एसडी कार्ड घ्यावे. आवाज खालीवर करायला फुकट मिळणारे ऑडॅसिटी हे संगणकावरचे सॉफ्टवेअर पुरते. व्हॉट्सॲपवर पाठवण्याआधी फाइल एमपी३ करून घ्यावी. अंधांसाठी मेन्यू वाचून दाखवणारा आवाज या यंत्रात आहे, ही फार चांगली सोय आहे. तो ज्या भाषांत बोलतो त्यांत मराठी नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझ्या स्वतःच्या गाण्यांसाठी मी ते संगणकाला जोडून माइक म्हणून वापरते. कच्च्या मुद्रणाला ते पुरेसे आहे. ज्यांना गळ्यासाठी एक्सएलआर (तीन पिनांच्या जोडणीचा, स्टुडिओत वापरतात तसा) माइक लावून गिटार वेगळी घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हे यंत्र नव्हे, कारण त्याला तसे सॉकेटच नाही. त्यांनी याच मालिकेतला एच४ इसेन्शियल पाहावा. पहिल्यांदा आला तेव्हा एच१ची किंमत अमेरिकेत सुमारे १०० डॉलर होती. आपल्याकडे ती दुकानागणिक बदलते, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारून आणि पक्के बिल घेऊन खरेदी करावी. गटात गाणाऱ्या मुलींनी वर्गणी काढून एक घेतला तरी चालेल, फक्त आखाजी आणि कानबाईच्या दिवसांत तो कुणाकडे राहील हे आधी ठरवून ठेवावे.