सहा वर्षांची सवय मोडून रीपरवर आले, पाच महिन्यांनंतर लिहितेय

सहा वर्षं मी घरी एकाच सॉफ्टवेअरवर गाणी रेकॉर्ड करत होते. त्याचं नाव घेत नाही, कारण बऱ्याच जणांचं त्यावर छान चाललंय. माझं मात्र एका अपडेटनंतर बिनसलं, जुने प्रोजेक्ट उघडताना अर्ध्यातच बंद पडायला लागले. तरी रेटत होते. मग एका रात्री एक चाल सुचली, गिटार मांडीवरच होती, लॅपटॉप उघडला तर आधी लॉगिन, मग प्लगइनचं (इफेक्ट किंवा वाद्यं देणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरचं) स्कॅनिंग, मग पुन्हा कसलीतरी खिडकी, म्हणजे नमनालाच घडाभर तेल, आणि ट्रॅक तयार होईपर्यंत चालीतली मधली जागा निसटली ती निसटलीच. खूप वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रीपर डाउनलोड केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रीपर हे गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर, कॉकोस नावाच्या छोट्या कंपनीचं आहे, गाणी ऐकायचं विनॅम्प ज्याने बनवलं त्या जस्टिन फ्रँकेलची ही कंपनी. पहिली १.० आवृत्ती २००६ ची, सध्याची सातवी मालिका ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. ६० दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरून बघता येतं, एकही फीचर बंद ठेवलेलं नसतं, आणि एकदा लायसन्स घेतलं की ते चालू आणि पुढची अशा दोन मोठ्या आवृत्त्यांना चालतं, म्हणजे आता सातवर घेतलं तर ८.९९ पर्यंत. दर महिन्याला पैसे कापले जाणं नाही, लायसन्ससाठी यूएसबीला लावून ठेवायचं डोंगल नाही. आणि फाइल इतकी लहान की डाउनलोड संपलं हे लक्षातच आलं नाही, मी वाट बघत बसले होते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर डबल क्लिकपासून रेकॉर्डचं बटण दाबेपर्यंत दहा सेकंदसुद्धा जात नाहीत, आणि माझ्यासाठी या सगळ्यात हीच सर्वात मोठी गोष्ट आहे.

पण पहिले दोन आठवडे फार जड गेले हे आधीच सांगते. डोक्याला सगळं कळत असतं, हात ऐकत नाहीत. साधं माऊसचं चाक घ्या. माझ्या हाताला सवय की चाक फिरवलं की ट्रॅक वर-खाली सरकायचे. रीपरमध्ये चाक फिरवलं की झूम होतं. त्यामुळे खालचा बासचा ट्रॅक बघायला जायचं आणि समोर एका कॉर्डची वेव्ह अख्ख्या स्क्रीनभर पसरायची, मग पुन्हा उलटं फिरवून बाहेर यायचं. दिवसाला शंभर वेळा. शेवटी प्रश्नचिन्हाची की दाबून अॅक्शन लिस्ट उघडली, त्यात चाकाला काय काम द्यायचं ते बदलता येतं, दोन मिनिटांत झालं आणि जीव भांड्यात पडला. त्याच लिस्टमध्ये मग कट, ग्लू (तुकडे जोडणं), फेड (आवाज हळूहळू वाढवणं-कमी करणं) असे जुने शॉर्टकट एकेक करून लावून घेतले, फक्त जे रोज लागतात तेवढेच. सगळं जुन्यासारखं करत बसू नका, कारण रीपरचे काही शॉर्टकट खरंच बरे आहेत, एस दाबलं की क्लिप (ट्रॅकवरचा रेकॉर्डिंगचा तुकडा) तुटते यापेक्षा सोपं काय असणार.

आता मी ज्यावर खरी खूश आहे ते सांगते, आवाजाचं कॉम्पिंग, म्हणजे एकच ओळ अनेकदा गाऊन त्यातले चांगले तुकडे जोडणं. नवीन गाण्याच्या अंतऱ्यातली तिसरी ओळ मला जमत नव्हती, शेवटचा शब्द वरच्या षड्जावर जातो आणि तिथे श्वास पुरत नाही. तेवढी ओळ सिलेक्ट करून रिपीट लावलं आणि गात राहिले, नऊ टेक झाले. सातव्या आवृत्तीत ट्रॅकला लेन असतात, प्रत्येक टेक आपापल्या लेनमध्ये एकाखाली एक बसतो, आणि ज्या टेकचा जो तुकडा आवडला त्यावर माऊस ओढला की तो वरच्या लेनमध्ये जाऊन बसतो, सांध्यावर क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरत दुसरा वर येणं, आपोआप. मी चौथ्या टेकची सुरुवात घेतली, कारण त्यात शब्द सहज आलेत, आणि शेवटचा शब्द सातव्यातला, तो सुरात लागलाय. सांधा नेमका श्वासावर आला, तर तिथे दोन श्वास एकावर एक ऐकू यायला लागले, हेडफोनवर तर फारच. मग सांधा माऊसने धरून इकडून तिकडे सरकवला, जेमतेम श्वासाच्या लांबीइतका, आणि ओळ एका दमात गायल्यासारखी लागली. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये याच कामाला मी अर्धी रात्र घालवायचे आणि शेवटी कंटाळून 'चालेल हा टेक' म्हणायचे. आता 'चालेल' म्हणावं लागत नाही, आणि गाण्यात तो फरक ऐकू येतो असं मला मनापासून वाटतं.

लेटन्सीबद्दल थोडं लिहायलाच हवं कारण सॉफ्टवेअर बदलताना सगळ्यांची हीच अपेक्षा असते की हेडफोनमध्ये आवाज उशिरा येणं थांबेल. ते मुख्यतः सॉफ्टवेअरच्या हातात नसतं. ऑडिओ इंटरफेसचा (माईक-गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याचा) ड्रायव्हर आणि बफर (एका वेळी आवाजाचे किती सॅम्पल साठवून पुढे पाठवायचे ते) किती ठेवलाय त्यावर सगळं असतं, ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल असताना, १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूने साधारण २.७ मिलिसेकंद, तेवढेच बाहेर येताना, वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ (आवाज कमी उशिरात नेणारा) ड्रायव्हर निवडा, नाहीतर कुठलंही सॉफ्टवेअर आणलं तरी तेच रडगाणं. मला एक दिवस गिटार भयंकर उशिरा ऐकू येत होती, मला वाटलं रीपरचंच काहीतरी बिघडलं, पण एफएक्सच्या (इफेक्टच्या) खिडकीत खाली प्रत्येक प्लगइन किती सॅम्पल उशीर करतंय ते लिहून येतं, तिथे बघितलं तर मीच मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे) लावून ठेवलेला लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर न जाऊ देणारा इफेक्ट) होता. तो बंद केला, गिटार जागेवर. रीपर एक चांगलं करतं, ज्या ट्रॅकवर रेकॉर्डिंग चालू नसतं त्यांच्या इफेक्टचं काम ते थोडं आधीच उरकून ठेवतं, म्हणून तीस ट्रॅकच्या गाण्यातही मला कमी बफरवर गाता येतं आणि पंखा घोंघावत नाही. माझा माईक लॅपटॉपपासून हातभर अंतरावर असतो, तेव्हा पंख्याचं हे किती महत्त्वाचं आहे ते घरी रेकॉर्ड करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

सोबत येणारे इफेक्ट दिसायला अगदी साधे आहेत पण कामाचे आहेत. री-ईक्यू (आवाजातला जाड-बारीक भाग कमी-जास्त करणारा) आणि री-कॉम्प (कॉम्प्रेशन, म्हणजे लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा) या दोघांवर माझं आवाजाचं सगळं मिक्सिंग होतं, ८० हर्ट्झच्या खालचं कापायचं, नाकातला भाग थोडा खाली घ्यायचा, हलकं कॉम्प्रेशन, झालं. ही सगळी मांडणी मी ट्रॅक टेम्प्लेट म्हणून सेव्ह केलीये, एका क्लिकमध्ये माईकसकट तयार ट्रॅक येतो.

वाद्यं मात्र नाहीत म्हटलं तरी चालेल. एक साधा सिंथ (आवाज स्वतः तयार करणारा) आणि सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारा) मिळतो, पियानो, ड्रम, स्ट्रिंग्ज काही नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये गिगाबाइटच्या गिगाबाइट साउंड असायचे त्यामुळे इथे पहिल्या दिवशी पाटी एकदम कोरी वाटते. सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे दोन सिंथ फुकट मिळतात आणि दर्जेदार आहेत, त्यावर मी भागवतेय, पियानोसाठी अजून शोधतेय. ज्यांचं संगीत लूपवर आणि क्लिप वाजवत वाजवत रचण्यावर उभं आहे त्यांनी इकडे येऊ नका असंच मी म्हणेन, एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरचा सेशन व्ह्यू त्यासाठीच बनलाय आणि रीपरमध्ये तसं काही मुळात नाही. अॅपलच्या गॅरेजबँडवरून पुढे जाणाऱ्यांना अॅपलचंच लॉजिक सोपं जाईल, तिथे गॅरेजबँडचे प्रोजेक्ट थेट उघडतात. माझ्यासारखे जे माईक आणि गिटार घेऊन बसतात, एकावर एक थर चढवतात, त्यांच्यासाठी मात्र रीपर फार मोलाचं आहे.

जुनी गाणी आणायचं काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. एका सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट दुसऱ्यात तसाच्या तसा उघडेल ही आशा सोडा. मी प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, २४ बिट वेव्ह म्हणून काढला, ट्रॅक मध्येच सुरू होत असला तरी आधीची शांतता धरून, म्हणजे रीपरमध्ये सगळे एका रेषेत ठेवले की आपोआप जुळतात. इफेक्टसकट एक आणि कोरा एक अशा दोन प्रती. मिडी (कोणता सूर कधी वाजला याची नोंद) वेगळी, आणि टेम्पो फाइलच्या नावातच लिहून ठेवला. टेम्पो लिहायला एका गाण्यात विसरले होते, तो कानाने शोधण्यात एक संध्याकाळ गेली.

अजून एक, हे नक्की करा. पहिल्यांदा सेव्ह करताना त्याच खिडकीत प्रोजेक्टसाठी वेगळा फोल्डर करायचा आणि सगळा ऑडिओ त्यात कॉपी करायचा असे दोन पर्याय असतात, त्यावर टिक करा. मी घाईत केलं नाही, एका गाण्याच्या वेव्ह तीन ठिकाणी विखुरल्या आणि फोल्डर आवरताना मीच अर्ध्या हलवल्या, गाणं उघडलं तर निम्मे ट्रॅक रिकामे. वाचले ते एवढ्यासाठी की रीपरची प्रोजेक्ट फाइल ही साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडली, जुना पत्ता शोधून नवा घातला, सगळे ट्रॅक परत आले. माझं इतकं जुनं गाणं त्या साध्या ओळींमध्ये शाबूत आहे हे बघून खरंच बरं वाटलं.

मॅन्युअल चारशेहून जास्त पानांचं आहे, मी शोधून हवं तेवढंच वाचते, साईटवर व्हिडिओही आहेत. मिडी एडिटर अजून अंगवळणी पडलेला नाही, ड्रम लिहिताना मी अजूनही अडखळते. जुनं सॉफ्टवेअर लॅपटॉपवरून काढलेलं नाही, अकरा गाणी त्यात राहिलीत, रविवारी एक असं करून एक्सपोर्ट करतेय, आणि ती सगळी बाहेर आल्याशिवाय त्याला आता एकही अपडेट देणार नाहीये.