वाचनालयाची व्हॉट्सअ‍ॅप ब्रॉडकास्ट लिस्ट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

नव्या पुस्तकांची खबर ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्टवरून द्यायला लागल्यापासून वाचनालयाशी जोडलेल्या महिला सभासदांची संख्या वाढली. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, म्हणून अनेकजणी त्यात येतच नव्हत्या. लिस्टवरचा निरोप ज्याचा त्याला जातो, उत्तरही फक्त ग्रंथपालाकडे येतं. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. अडचण एकच: सभासदाच्या फोनमध्ये वाचनालयाचा नंबर सेव्ह नसेल तर निरोप पोचतच नाही. म्हणून वर्गणीची पावती फाडतानाच त्याच्या फोनमध्ये नंबर घालून द्यावा.

खरी कसोटी लागते ती दृष्टिहीन वाचकांच्या बाबतीत. सजवलेल्या सूचनेचा फोटो त्यांच्या काहीच कामाचा नाही. टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी अँड्रॉइड फोनमधली सोय, 'फोटो' म्हणतो आणि गप्प बसतो. तोच मजकूर खाली टाइप करावा, तोही युनिकोडमध्ये. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून जसाच्या तसा चिकटवला तर अर्थहीन अक्षरं ऐकू येतात. ओळीच्या शेवटी हात जोडलेली पाच चिन्हं टाकली की वाचकाला 'जोडलेले हात' पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं, आणि पुस्तकाचं नाव मध्येच हरवतं. आधी नाव, मग लेखक, मग दाखल क्रमांक, एवढं पुरे. मराठी आवाज फोनच्या टेक्स्ट-टू-स्पीच (मजकूर बोलून दाखवणाऱ्या) सेटिंगमधून आधीच डाउनलोड करून घ्यावा. वाचकाबरोबर बसून हे करायला वीसेक मिनिटं लागतात, पण ती द्यायलाच हवीत.

स्कॅन केलेली पीडीएफ हे दुसरं दुखणं. ती म्हणजे पानांचे फोटोच. गूगल ड्राइव्हवर चढवून 'गूगल डॉक्स'मध्ये उघडली की फोटोतली अक्षरं टाइप केलेल्या मजकुरासारखी होतात. जोडाक्षरं आणि अनुस्वार मात्र हाताने तपासावे लागतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे दृष्टिहीन वाचकांसाठी विनानफा सुलभ प्रत करता येते. अशी प्रत करण्याआधी सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन वाचनालयात शोधावं. ते २०१६ पासून सुरू आहे आणि तिथली पुस्तकं डेझी या दृष्टिहीनांसाठीच्या डिजिटल पुस्तकांच्या स्वरूपातही मिळतात.

बटणांचा फोन असलेल्या आजी-आजोबांना एसएमएस करून पाहिला. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हंच मावतात आणि प्रत्येक काना-मात्रा वेगळी मोजली जाते, त्यामुळे दोन पुस्तकांची नावंसुद्धा नीट बसत नाहीत. त्यांना शनिवारी फोनच करावा आणि नावं सावकाश, दोनदा सांगावीत.