एडमंटनच्या थंडीत रिमोट स्टार्टर : किल्ली गाडीत न ठेवता केलेले काम

कॅनडातील एडमंटनला जानेवारीत पारा उणे ३०पर्यंत उतरतो, तेव्हा निघण्यापूर्वी इंजिन थोडा वेळ चालवून काचांवरचा बर्फ सैल करणे ही चैन उरत नाही, ती गरज होते. त्यासाठी आमच्या २०१५च्या टोयोटा कोरोलाला शहराच्या दक्षिण भागातील एका लहान दुकानातून रिमोट स्टार्टर, म्हणजे दुरूनच बटण दाबून इंजिन सुरू करणारे यंत्र, बसवून घेतला. असे काम करणाऱ्या दुकानाची पारख यंत्राच्या किमतीवरून करू नये, गाडीतील इमोबिलायझर (योग्य किल्लीशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) ते कसा हाताळतात यावरून करावी, असे माझे ठाम मत आहे.

कॅनडात १ सप्टेंबर २००७पासून नव्या प्रवासी गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे. किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक चिप असते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही, कारण इग्निशनच्या कुलपाभोवती असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून तिला ऊर्जा मिळते. गाडी तिला दर वेळी नवा आकडा पाठवते, चिप तो आपल्यातील गुप्त संकेताने बदलून परत देते आणि उत्तर जुळले तरच इंजिनाला इंधन मिळत राहते. आमच्या किल्लीच्या धातूच्या पात्यावर ‘एच’ हे बारीक अक्षर कोरलेले आहे; या प्रकारात १२८ बिटांचे एईएस नावाचे भक्कम कूटलेखन वापरले जाते. त्यामुळे नुसत्या तारा जोडून स्टार्टर फिरवला, तर इंजिन चालू राहणार नाही.

आधी चौकशी केलेल्या एका दुकानाने यावर जुनाच उपाय सुचवला होता : जादा किल्ली एका डबीत घालून डॅशबोर्डखाली बांधायची आणि रिमोट दाबला की तिचा संकेत वेटोळ्यापर्यंत पोहोचवायचा. या पद्धतीने गाडी सुरू होते, हे खरे. पण चोराला हवी असलेली नेमकी वस्तू कायमची गाडीतच राहते. तसे काम करून घेणे मला मान्य नव्हते.

ज्यांच्याकडे शेवटी काम दिले, त्यांनी डेटा बायपास मॉड्यूल, म्हणजे किल्लीतील चिपऐवजी इमोबिलायझरला उत्तर देणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी, वापरले. फॉर्टिन आणि आयडेटालिंक या क्वेबेकमधील कंपन्या अशी मॉड्यूल तयार करतात. कारागिराने स्टिअरिंगखालचे झाकण उतरवले, मॉड्यूल गाडीच्या मूळ जोडणीमध्ये टी-हार्नेसने (तारा न कापता मधे खोचायच्या तयार जोडणीने) बसवले, किल्ली फिरवून चिप आणि इमोबिलायझर यांचे संभाषण त्यात नोंदवून घेतले, मग मॉड्यूल काढून संगणकाला जोडले आणि कंपनीच्या सर्व्हरकडून गणित पूर्ण झाल्यावर ते पुन्हा गाडीत बसवले. गाडीची मूळ एकही तार कापली गेली नाही, आणि माझ्या दोन्ही किल्ल्या माझ्या हातात परत आल्या.

गाडी ताब्यात देताना त्याने बोनेट उघडे ठेवून रिमोट दाबला. इंजिन सुरू झाले नाही. बोनेटखालचा स्विच त्यासाठीच असतो, म्हणजे आत हात घातलेल्या माणसाला धोका राहत नाही. नंतर बोनेट लावून रिमोटने इंजिन सुरू केले आणि किल्ली न लावता ब्रेक दाबून दाखवला. चालू इंजिन तत्क्षणी बंद झाले. चालकाने बसून किल्ली ‘ऑन’पर्यंत फिरवायची, स्टार्टरपर्यंत न्यायची नाही, आणि मगच ब्रेकवर पाय ठेवायचा, हा क्रम त्याने घरातील दोघांकडूनही करवून घेतला. इतकी काळजी फार थोडी दुकाने घेतात.

खटकलेली गोष्ट बिलाची. सर्व मिळून सुमारे ६०० डॉलर घेतले, तरी बिलावर केवळ ‘रिमोट स्टार्टर व जोडणी’ एवढेच होते. मॉड्यूलचे नाव आणि त्यातील सॉफ्टवेअरची आवृत्ती मी मागितल्यावर लिहून मिळाली. पुढे दुरुस्तीची वेळ आली तर दुसऱ्या कारागिराला तीच माहिती लागते, म्हणून ती न मागता द्यायला हवी. गाडी दिवसभर दुकानात ठेवावी लागते, हेही आधी स्पष्ट सांगितले जात नाही.

रिमोट स्टार्टर आला म्हणून ब्लॉक हीटरची, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन विजेवर उबदार ठेवणाऱ्या हीटरची, तार गुंडाळून ठेवू नये. कडाक्याच्या थंडीत घट्ट झालेल्या तेलावर इंजिन सुरू करण्याचा ताण रिमोटने कमी होत नाही. बंद गॅरेजमध्ये तर तो कधीच दाबू नये, कारण कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. हाताने गिअर बदलायच्या गाड्यांना हे दुकान रिमोट स्टार्टर बसवतच नाही. गाडी चुकून गिअरमध्ये राहिली तर ती पुढे उसळेल, हे त्यांचे कारण मला पूर्ण पटते.