गोव्यात अख्खा व्हिला की घरमालकाकडची खोली?

एअरबीएनबी या घरं-खोल्या भाड्याने देणाऱ्या साइटवर उत्तर गोव्यातलं आसगाव किंवा शिवोली शोधलं की ‘पूर्ण घर’ हवं की ‘खोली’, हे निवडावं लागतं. आपण भाडं आणि फोटो बघून मोकळे होतो. पण आपल्या चार दिवसांचा गावाला किती भार होणार, ते बरंचसं याच निवडीवर अवलंबून असतं.

आधी पाणी. व्हिला म्हटलं की बहुतेकांना स्विमिंग पूल हवाच असतो. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, दीड मीटर खोल पुलात ४८ हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास पाच टँकर. ते दर पाहुण्यामागे बदलत नाहीत, हे खरं. पण उन्हाने पाणी उडतं, फिल्टर धुताना जातं आणि वरून भर घालावी लागते, तीही एप्रिल-मेमध्ये, विहिरी तळाला गेलेल्या असताना. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. घरमालकाकडच्या खोलीत हा प्रश्न सहसा येत नाही. विहीर त्यांची, वीजबिलही त्यांचंच. नळ गळू लागला तर पाहुणा जायची वाट कोण बघेल? एसीचंही तसंच. चिऱ्याच्या जाड भिंती आणि वर कौलं असतील, तर रात्री बऱ्याचदा पंख्यावर भागतं.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो घरांचा प्रश्न. अख्खं घर पाहुण्यांसाठी राखलं की गावातल्या शिक्षिकेला, नर्सला वर्षभर भाड्याने मिळू शकणारं एक घर कमी होतं. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नियम कडक केले: ३० दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर यजमान त्याच घरात राहत असला पाहिजे आणि पाहुणे दोनच. बार्सिलोनाने २०२८ च्या अखेरपर्यंत पर्यटकांच्या सुमारे दहा हजार सदनिकांचे परवाने संपवायचं ठरवलं आहे. आपल्या केंद्र सरकारच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेतही मालकाचं कुटुंब तिथेच राहण्याची अट आहे.

फक्त ‘खोली’ या शब्दावर जाऊ नका. यजमानाच्या प्रोफाइलवर आणखी दहा-बारा जागा दिसल्या तर ते घर नव्हे, धंदा आहे. पर्यटन खात्याचा नोंदणी क्रमांकही विचारा. गोव्यात १९८२ च्या कायद्याने नोंदणी लागते.

व्हिला कुठे उजवा? आठ-दहा जण, सोबत आजी आणि लहान मुलं असतील तिथे. एकच स्वयंपाकघर, म्हापशाच्या बाजारातून आणलेली मासळी, हॉटेलांतून येणारे प्लॅस्टिकचे डबे नाहीत. तेवढ्याच माणसांनी चार ठिकाणी खोल्या घेऊन दिवसभर टॅक्स्या फिरवण्यापेक्षा हे नक्कीच बरं. दोघं किंवा चौघं असाल तर मात्र मी खोलीच घ्यायला सांगेन.

मुंबईहून विमानाने गेलात तर कार्बनच्या हिशेबात घराची निवड मागे पडते. कोकणकन्या एक्स्प्रेसने थिवीला उतरा, आसगाव तिथून जवळ आहे.

व्हिलाच ठरला तर बिनपुलाचा शोधा. बुकिंगआधी यजमानाला विचारा: टँकर लागतो का, ओला-सुका कचरा कोण नेतं, चादरी रोज न बदलता चालेल का? मिळालेली उत्तरं आणि तिथे प्रत्यक्ष दिसलेलं, दोन्ही अभिप्रायात लिहा. त्यासाठी मुक्काम संपल्यावर १४ दिवस मिळतात.