गुर्येत मुक्काम: टर्मिनलजवळचं मोटेल की गल्लीतलं गेस्टहाउस?

दक्षिण कोरियातल्या जिरिसान डोंगरासाठी पायथ्याचं गुर्ये गाव निवडलंत हे चांगलं केलंत. सोलच्या नाम्बू टर्मिनलवरून थेट बस मिळते, तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. ट्रेनने आलात तर 'गुर्येगु' हे स्टेशन सॉमजिन नदीपलीकडे, शेजारच्या सुन्चनच्या हद्दीत आहे आणि तिथून गावात यायला पुन्हा बस किंवा टॅक्सी करावी लागते. म्हणून मी बसच पकडतो. मग प्रश्न उरतो राहायचा. मी दोन वेगवेगळ्या खेपांना दोन्ही ठिकाणी राहिलो आहे, त्या अनुभवावरून सांगतो.

मोटेलबद्दल आधी बोलतो, कारण त्याच्याविषयी आपल्याकडे उगाच गैरसमज आहेत. कोरियात मोटेलमध्ये जोडपी काही तासांसाठी येतात हे खरं, पण एकट्या प्रवाशाला तिथे कसलीही अडचण येत नाही. माझी खोली लख्ख होती. मोठा पलंग, भरपूर गरम पाणी, पाण्याच्या बाटल्या, टूथब्रश, सगळं होतं. बसमधून उतरून पाच मिनिटांत मी आंघोळीला गेलो होतो. पैसे साधारण पन्नास हजार वॉन पडले. गेस्टहाउसमध्ये एका बेडचे त्याच्या निम्मे पडले, पण चार जणांची खोली, बाथरूम सामाईक आणि बाथरूमची जमीन सदा ओली, म्हणून दारात प्लॅस्टिकच्या चपला. झोपेचा हिशेब केला तर मोटेल नक्कीच सरस. गेस्टहाउसमध्ये माझ्या खोलीतले दोघे पहाटे तीनला उठले. मोसमात गुर्येहून सॉन्गसामजे खिंडीत पहाटेची बस जाते, ती पकडून त्यांना नोगोदान शिखराहून पुढे कड्याकड्याने चॉन्वांगबोंगपर्यंत जायचं होतं. हे अंतर २५.५ किलोमीटर आहे आणि शेवटचं शिखर १९१५ मीटर, कळसूबाईपेक्षा सुमारे २७० मीटर उंच. त्यांनी दिवा लावला नाही, कुजबुजत आवरलं, तरी जाग आलीच.

इथपर्यंत वाचून तुम्ही मोटेलकडे झुकला असाल तर त्यात काही चूक नाही. मीही पहिल्या खेपेला त्याच विचाराने तिथे गेलो होतो.

पण त्या दिवशी संध्याकाळी जेवायला बाहेर पडलो. पहिल्या हॉटेलात एक बोट वर करून 'एक माणूस' असं खुणेने सांगितलं. बाईंनी दोन बोटं दाखवली आणि मान हलवली. दुसरीकडे तेच, तिसरीकडेही तेच. कोणी तुसडेपणा केला नाही, उलट एका आजींना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. कारण नंतर उमगलं. या भागातलं खरं जेवण म्हणजे रानभाज्यांचं ताट, सानचे जॉन्गशिक. त्यात दहा-पंधरा छोट्या वाट्या एकदम मांडतात, मधे शेगडीवर रस्सा उकळत असतो, आणि हा सगळा घाट एका माणसासाठी परवडत नाही. म्हणून पाटीवरच लिहिलेलं असतं, किमान दोघांचं. सोलमध्ये एकट्याने जेवणं आता सर्रास चालतं, गुर्येसारख्या गावात मात्र ताट अजून चारचौघांचं आहे. मी मासे-मटण सगळं खातो, त्यामुळे अडचण शाकाहाराची नव्हती, फक्त एकटं असण्याची होती. शेवटी कन्व्हिनिअन्स स्टोअरमधून त्रिकोणी किम्बाप, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेला भात, आणि नूडल्सचा कप आणला आणि त्या लख्ख खोलीत पलंगावर बसून खाल्ला. ज्या डोंगरातल्या भाज्यांसाठी इतक्या लांब आलो, त्यांच्यापासून मी दोनशे पावलांवर होतो. हे मला फार लागलं.

दुसऱ्या खेपेला गेस्टहाउसच्या दारात बूट काढत होतो, तेव्हा मालकीणबाईंनी नाव-गाव विचारण्याआधी विचारलं, "जेवलात का?" कोरियात हा कुशल विचारण्याचाही प्रकार आहे, आपल्याकडे असतो तसाच. पण या बाईंना उत्तर हवं होतं. नाही म्हटल्यावर त्यांनी वरच्या खोलीतल्या तेगूच्या निवृत्त शिक्षकांना हाक मारली, बुसानहून आलेल्या एका मुलीला विचारलं आणि ओळखीच्या खानावळीत फोन केला: तिघं येताहेत. अर्ध्या तासात माझ्यासमोर त्या पंधरा वाट्या होत्या. मास्तरांनी एकेका भाजीचं नाव सांगितलं, ती डोंगरात कुठे उगवते ते हातवारे करून दाखवलं, आणि माझा भात संपताच स्वतःच्या वाटीतला अर्धा माझ्याकडे सरकवला.

बाकीची मदत याच ओघात झाली. नोगोदानच्या माथ्यावर जायला आधी नोंदणी लागते, ती बाईंनी फोनवर करून दिली. आठवडी बाजार दर पाच दिवसांनी, ३ आणि ८ ने संपणाऱ्या तारखांना भरतो, म्हणून मी एक दिवस जास्त राहावं हेही त्यांनीच सुचवलं. सकाळी स्वयंपाकघरात ब्रेड, अंडी आणि जॅम ठेवलेलं असे. आपलं आपण करून घ्यायचं आणि बशी धुऊन ठेवायची. शाकाहारी असाल तर त्यांच्याकडून कोरियनमध्ये चिठ्ठी लिहून घ्या, कारण रश्श्यात सुकी मासळी आणि किमचीत माशांचं खारवण असतं, आणि हे नुसत्या खुणांनी समजावणं कठीण आहे.

प्रत्येक गेस्टहाउस असं असेल असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी मालक दाराचा कोड पाठवून देतात आणि भेटतही नाहीत. लहान मुलं बरोबर असतील, झोप सावध असेल किंवा पोहोचायला रात्रीचे दहा वाजणार असतील, तर मोटेलच सोयीचं. तिसरा पर्याय म्हणजे हानोकमधली, म्हणजे जुन्या पद्धतीच्या कोरियन घरातली खोली. आन्दोंगजवळच्या हाहोए गावात तशी एक रात्र काढली आहे. ओन्दोलची, म्हणजे खालून तापवलेल्या जमिनीची ऊब फार सुखाची होती, पण पातळ गादीवर सकाळी गुडघे धरले. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर ते लक्षात ठेवा.

मार्चमध्ये गुर्येतल्याच सान्दोंगच्या बाजूला सान्सुयूच्या झाडांना पिवळी फुलं येतात, तेव्हा आम्ही पुन्हा जाणार आहोत. या खेपेला बायको बरोबर आहे, म्हणजे दोघांच्या ताटाची अट आमची आम्हीच पुरी करू. तरीही निरोप गेस्टहाउसलाच पाठवला आहे. बाईंचं उत्तर आलं: बाजाराच्या दिवशी या, भाजी तुमच्या हाताने निवडू.