काजू टरफलाचं तेल परदेशी धाडताना: ड्रम की फ्लेक्सीटँक?

खानापूर-बेळगावच्या काजू कारखानदारांसाठी हिशेब सरळ आहे. २० फुटी कंटेनरात २०० लिटरचे ८० ड्रम, म्हणजे १६,००० लिटर बसतात. फ्लेक्सीटँकमध्ये, म्हणजे कंटेनरात पसरून भरायच्या एका मोठ्या पिशवीत, २४,००० लिटरपर्यंत. लिटरमागे भाडं उतरतं. युरोपात आयातकर भाडं-विमा धरून आकारतात, म्हणून कर लागू असेल तर तोही घटतो. अमेरिकेत सागरी भाडं वगळतात, तिथे हा फायदा नाही.

पण टँकची पिशवी एकदाच वापरायची. कंटेनरात एखादा खिळा वर राहिला, की घाटातल्या हेलकाव्यांनी पिशवी घासून फाटते आणि सगळा माल जातो. ड्रम फुटला तर २०० लिटरच. भरण्याआधी भिंतींवरून हात फिरवून बघाच! पिशवी अर्धवट भरू नका, हेलकावे वाढतात. थंडीत तेल दाटतं, तेव्हा खरेदीदाराकडे तापवायची सोय आहे का, आधी विचारा. ग्राहक दोन-तीन असतील तर ड्रमच बरे.